परतीचा बाण

तिने तो बाण पुसून टाकला. पडद्यावरच्या सगळ्यात खालच्या गोलातून निघून, मोठा वळसा घेऊन तो पुन्हा सगळ्यात वरच्या गोलात शिरत होता. कारणाच्या रकान्यात तिने ‘पुरावा नाही’ असं लिहिलं आणि गार झालेला चहा पुढे ओढला.

“पुन्हा उडवलात?” मागच्या टेबलावरून प्रोग्रॅमरने विचारलं.

“वाक्य कुठंय त्याचं?”

“अहो पुरावेबाई, शरीरात असं असतंच ना. शेवट फिरून सुरुवातीला येतो. ढब्बूला कळायला लागलंय ते. जरा कौतुक करा त्याचं.”

“कळायला लागलंय की अंदाजपंचे दाहोदरसे चाललंय?”

ढब्बू हे त्यांच्या संगणक प्रणालीचं लाडाचं नाव. शरीरात काय घडतं याबद्दलचे शोधनिबंध त्याला वाचायला द्यायचे आणि वाचलेलं चित्रात मांडायला शिकवायचं, हे त्या खोलीतलं काम. प्रत्येक पदार्थाला एक गोल. एकामुळे दुसरा वाढत असेल तर टोकदार बाण, दबत असेल तर बोथट. आणि प्रत्येक बाणाखाली निबंधातलं ते वाक्य, ज्याच्या जोरावर बाण काढला. वाक्य नसेल तर बाण नाही. हा नियम तिनेच आणला होता आणि तिचं नवं नावही त्यातूनच आलं होतं.

ढब्बू हुशार होता, पण उतावळा. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की बाण काढून मोकळा. मागे एकदा, जखमेभोवती पांढऱ्या पेशी जमतात असं वाचून त्याने पेशींकडून जखमेकडे बाण काढला होता. “मयताला जमलेल्यांनीच माणूस मारला म्हणतोय हा,” म्हणून प्रोग्रॅमर पोट धरून हसला होता. ती हसली नव्हती. जमलेल्यांपैकी कुणी मारलेला असूही शकतो, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं.

तिचा हा संशय जन्मजात की नोकरीने लावलेला, याबद्दल घरात दोन मतं होती. बाबांच्या मते जन्मजात. पाळण्यात असतानाही ती खुळखुळा आधी उलटा करून बघायची, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

हल्ली मात्र ते फारसं काही सांगत नव्हते. त्यांना साखरेचा आजार होता. सकाळी ऑफिसला निघताना ती त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायची आणि संध्याकाळी आल्यावर बोट टोचून साखर मोजायची. काही दिवस आकडा ठीक यायचा, काही दिवस पार आभाळाला भिडायचा. आणि ज्या दिवशी भिडायचा त्या दिवशी बाबा गळून गेलेले असायचे, अंगातला सदरा घामाने ओला होऊन वाळलेला असायचा आणि मोरीत घासून पालथा घातलेला एक ग्लास असायचा. बाबांनी आयुष्यात कधी ग्लास घासला नव्हता.

“कुणी आलं होतं?”

“कोण येणार? कुणी नाही.”

पण कोंबडं झाकून काय होतंय? उशीला छोटीच्या केसांच्या तेलाचा वास असायचा. छोटी, तिची धाकटी बहीण, दोन गल्ल्यांपलीकडे वाचनालयात कामाला होती. लहानपणापासून बाबांची लाडकी, आणि बाबांचे लाड करण्यातही पहिली. ओट्याखाली साखरेचे दाणे सापडले तेव्हा तिला वेगळं काही शोधायची गरज उरली नाही. छोटी येते, बाबांना गोडधोड चारते, बाबा आडवे होतात. सरळ बाण होता.

मग तिने एकेक गोष्ट बंद केली. साखरेचा डबा आपल्या कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. बिस्किटं बंद. बाबांचं सकाळचं खाणं निम्म्यावर आणलं. तरी आकडा वर जाताना पाहून डॉक्टरांना फोन केला आणि इन्सुलिनही थोडं वाढवून घेतलं. छोटीला निक्षून सांगितलं, “मला विचारल्याशिवाय येत जाऊ नकोस.” छोटी काहीच बोलली नव्हती. तिच्या न बोलण्याचाही तिला संशय आला होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला.

“बाबा?”

पलीकडे नुसता श्वास. मागे नळ चालू होता.

“बाबा, कोण आहे घरात?”

“कुणी... नाही,” बाबा जड जिभेने म्हणाले. फोन ठेवला गेला.

तिने पर्स उचलली. “ढब्बूला सांगा, मी एका उलटतपासणीला गेलेय,” असं प्रोग्रॅमरला सांगून ती खाली आली आणि मिळेल ती रिक्षा पकडून घरी पोचली.

दाराशी छोटीच्या चपला होत्या, एक सुलटी, एक उलटी. आत बाबा दिवाणावर पडले होते. ओठ ओले, कपाळ घामाने चिकट, डोळे मिटलेले. छोटी त्यांच्या उशाशी वाकून रिकामा ग्लास उचलत होती.

“काय पाजलंस त्यांना?”

छोटी दचकली. “ताई, हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय.”

“काय पाजलंस विचारतेय मी!”

तिने ग्लास हिसकावून घेतला, तळाशी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. साखर. इतकी की दाताखाली करकरली.

“साखर! अगं, साखरेच्या माणसाला साखर पाजतेस? आणि मी रोज आकडे बघून जीव काढतेय. तुला त्यांना मारायचंय का?”

छोटीचा चेहरा पांढरा पडला. तिने आपल्या पर्समधून साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं, बटण दाबलं आणि ते ताईच्या पुढे धरलं.

“हा पाजायच्या आधीचा आकडा. तू पुरावा मागणार, ठाऊक होतं मला.”

पडद्यावर बेचाळीस होते, सत्तरच्या खाली जायला नको तिथे. तिने ते पुन्हा वाचले. ती दिवाणाच्या कडेला टेकली. इन्सुलिनच्या गोलापासून साखरेच्या गोलाकडे जाणारा बोथट बाण ढब्बूला तिनेच शिकवला होता, अगदी पहिल्या आठवड्यात. जास्त इन्सुलिन, कमी अन्न, की साखर तळाला जाते. घाम फुटतो, जीभ जड होते, आणि वेळेवर गोड पोटात गेलं नाही तर माणूस जागचा उठत नाही. संध्याकाळी ती जी मोजायची, ती छोटीने वेळेवर पाजलेली साखर होती.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“आधी क्वचित व्हायचं. तू डबा कपाटात ठेवलास, त्यानंतर वाढलं. म्हणून मी पर्समध्ये पुडी ठेवते.”

“आणि तुला कळतं कसं?”

“बाबा फोन करतात. बोलता येत नाही, नुसता लावतात. पलीकडे कुणी बोललं नाही की मी निघते.”

बाबा निवृत्त होईपर्यंत तलावावर पोहणं शिकवायचे. बुडणारा ओरडत नाही, गप्प होतो, हे दोघी मुलींना त्यांनी अक्षरं यायच्या आधी शिकवलं होतं. ते फक्त धाकटीने लक्षात ठेवलं होतं.

“मला का नाही लावत ते?”

छोटीने बाबांच्या अंगावरची चादर सारखी केली, मग पुन्हा एकदा केली. “त्यांच्या पोटात काहीतरी जायला हवं आता. घरात तर काहीच नाही. कोपऱ्यावरून घेऊन येते मी,” असं म्हणून ती चपला शोधत बाहेर पडली.

ताईला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. आज छोटीला यायला उशीर झाला असता तर? सकाळी तिने स्वतःच्या हाताने, नीट आकडा जुळवून, ते इंजेक्शन दिलं होतं. निघताना त्यांच्या ताटलीतलं अर्धं परत काढून ठेवलं होतं. बाबा ताटलीकडे बघत राहिले होते आणि तिला वाटलं होतं, हावरटपणा.

बाबांचा हात चादरीवरून चाचपडत आला. तिचं मनगट सापडल्यावर थांबला. डोळे मिटलेलेच होते.

“छोटे.”

ती जरा जवळ सरकली.

“ग्लास घासलास का गं?”

ग्लास अजून तिच्याच हातात होता. तळाची साखर बोटांना चिकटली होती.

“घासते, बाबा,” ती हळूच म्हणाली.

“उरक लवकर. ताई यायच्या आत. तिला कळलं ना, की ताटातलं अजून काहीतरी काढून घेईल ती.” ते थांबले, श्वास घेतला. “आणि मग परत तुलाच पळत यावं लागेल.”

“हो, बाबा.”

कपाटाची किल्ली पर्समध्ये होती आणि पर्स दाराशी पडली होती. ती उठली नाही. बाबांनी तिचा हात घट्ट धरला होता, छोटीचा म्हणून.