होनोराची गोधडी

मित्रांनो, माझ्या कोपऱ्याला कात्री लागली त्या दिवसापासून माझी छाती धडधडतेच आहे. गोधडीला कसली आली छाती, असं म्हणाल. पण आधी ऐका तर खरं.

मी कॅनडातल्या हॅमिल्टनला राहते, पण माझा जन्म जहाजावरचा. आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला होता आणि होनोरा नावाच्या तरुण बाईने एक लोकरी शाल चोरली. फक्त एक शाल! त्यासाठी तिला पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, आज टास्मानिया म्हणतात त्या बेटावर, शिक्षा भोगायला धाडलं. हे सांगताना मला अजूनही खरं वाटत नाही. जहाजावर कैदी बायकांना कापडाचे तुकडे आणि सुईदोरा मिळाला. बोट लागून ओकत, रडत होनोराने मला शिवलं. माझे टाके वाकडे आहेत ते म्हणूनच.

बेटावरच्या तुरुंगात तिला मुलगी झाली. अंगावरचं दूध तोडायला लावलं आणि बाळाला तिच्या कुशीतून उचलून वेगळ्या खोलीत नेलं. तसा नियमच होता म्हणे! त्या खोलीत ना ऊब, ना धड दूध. थोड्याच दिवसांत मुलगी गेली. होनोराच्या हाती उरलं तिचं टोपडं. तिने माझा कोपरा उसवला, टोपडं आत ठेवलं आणि पुन्हा शिवून टाकलं. कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

पुढे ती सुटली, तिने संसार केला. तिच्या लेकीसुनांनी मला पिढ्यान्‌पिढ्या पांघरलं, माझं कौतुक केलं. 'या कोपऱ्यात कापडाचा गोळा झालाय,' म्हणून नावंही ठेवली. मग तिच्या वंशातली नोरा नर्स होऊन कॅनडात आली, तिने राजस नावाच्या मराठी मुलाशी लग्न केलं आणि माझी रवानगी बेसमेंटमधल्या पेटीत झाली.

यंदा नोराला मुलगी झाली. बारशासाठी सासूबाई, विजयालक्ष्मी, जवळच्याच एटोबिकोहून आल्या. त्यांच्याकडे बाळाची पहिली कुंची आजी-पणजीच्या वापरून मऊ झालेल्या कापडाची शिवतात. वरून आपल्या आईचं लुगडं आणि आतून अस्तर सुनेच्या माहेरचं, असा त्यांचा बेत होता. सुनेला सरप्राइज! बाईंच्या मनात काडीचं पाप नव्हतं. पण त्यांनी विचारलं मात्र नाही. मला पेटीतून काढलं, कच्चकन माझा कोपरा कापला आणि मुठीत मावेल एवढं पिवळं पडलेलं टोपडं खाली पडलं.

नोरा जिना उतरली आणि किंचाळलीच. "आई! व्हॉट हॅव यू डन?"

"अगं, बाळाला दोन्हीकडची माया मिळेल असं वाटलं गं... आय ॲम सो सॉरी. पण हे आत काय होतं?"

नोराने टोपडं उचललं. "होनोराच्या बाळाचं असणार. दे टुक द बेबीज अवे, आई. मोस्ट ऑफ देम डाइड. आमच्या घरी कुणी बोललंच नाही, मी पुस्तकात वाचलं."

"काढून नेलं? आईच्या कुशीतून?" विजयालक्ष्मींनी कात्री दूर सारली.

नोरा मला आणि टोपड्याला उराशी धरून वर गेली. बारसं कॅन्सल, म्हणाली. दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने दाराबाहेरून आवाज आला. "नोरा, त्या बाळाचं नाव काय गं?"

"नोबडी नोज."

"आमच्यात नाव आत्या ठेवते. तिला कुठली आली आत्या? मी होते तिची आत्या. चालेल?"

दार उघडलं. दोघी गळ्यात पडून रडल्या.

बारसं झालं. पाळण्यात बाळ आणि बाळाशेजारी टोपडं. बायका दचकल्या. गेलेल्या लेकराची वस्तू पाळण्यात! "अहो, अपशकुन होईल," एक म्हणालीसुद्धा. विजयालक्ष्मींनी तिच्याकडे बघितलंही नाही. बाळाचं नाव ठेवून झाल्यावर त्यांनी वाकून टोपड्याशी 'कुर्रर्र' केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अवनी."

मित्रांनो, जुन्या वस्तूला कात्री लावण्याआधी एकदा विचारत जा. तिच्यात कुणाचं काय शिवलेलं असेल, सांगता येत नाही. होनोराने लेकीला कोणतं नाव ठेवलं होतं, ते मला ठाऊक आहे. पण त्या तुरुंगात ते तिला माझ्यात तोंड खुपसूनच घ्यावं लागायचं. अवनी ही हाक मात्र घरभर ऐकू गेली.