बाकावरचं माहेर

समजा, तुम्हाला एक भाषा येते. अगदी लहानपणापासूनची. पहिलं भांडण तुम्ही त्याच भाषेत केलंत, पहिला मारही त्याच भाषेत खाल्लात. आणि समजा, आता तुम्ही राहता तिथं ती कळणारं एकही माणूस नाही. दुकानात नाही, शेजारी नाही, घरातसुद्धा नाही. मग काय कराल? थोडे दिवस स्वतःशीच बोलाल. लोक हसायला लागले की तेही मनातल्या मनात. जरा करून बघा, मी थांबतो.

झालं? आता थोडे दिवस नाही, बारा वर्षं धरा.

बंदराच्या रस्त्यावर शिवणाचं दुकान चालवणाऱ्या एका बाईची ही गोष्ट. ती लग्न होऊन समुद्रापलीकडच्या देशातून इथं आली. सुरुवातीला आईची पत्रं यायची. मग दोन्ही देशांचं बिनसलं, टपाल बंद झालं, फोनही लागेनासे झाले. त्यालाही सात वर्षं होऊन गेली. आई आहे की नाही, एवढंही बाईला ठाऊक नव्हतं. मुलीला आपली भाषा शिकवायला ती निघाली होती, तर सासूबाई म्हणाल्या, "कशाला? शाळेत चिडवतील पोरीला." मग तेही राहून गेलं.

तिची भाषा तिच्या कानावर पडायची ती एकाच ठिकाणी, बंदराच्या कचेरीत. पलीकडचे मच्छीमार हद्द ओलांडून आले आणि पकडले गेले की त्यांच्या जबाबासाठी तिला बोलावणं यायचं. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. म्हणजे कुणाला तरी शिक्षा व्हायची असली, तरच बाईला तिची भाषा ऐकायला मिळणार. बोलावणं आलं की तिला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला याची लाजही वाटायची.

त्या सकाळी हवालदार दारात सायकल टेकवून म्हणाला, "चला बाई. होडी आणलीय. सहा जण आहेत."

शेजारचा चपला शिवणारा लगेच ओरडला, "जा, जा! माहेरची माणसं आलीत तुमची, सरकारी पाहुणचाराला!"

"तुमचं तोंड शिवून देऊ का? मशीन चालूच आहे," बाई म्हणाली.

तिची नऊ वर्षांची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणायचे, शाळेला सुट्टी म्हणून तिथंच होती. ती आईकडे बघत राहिली. "आई, पोलिसांकडे जायला तू पावडर कशाला लावतेस?"

"गप बस. आणि केस विंचर, तूही चल. इथं कोण आहे तुझ्याकडे बघायला?"

कचेरीत एक लांब टेबल, त्यावर काचेखाली समुद्राचा नकाशा, आणि भिंतीला लागून एक बाक. बाकावर सहा माणसं अनवाणी बसली होती. मिठानं त्यांचे कपडे ताठ झाले होते. कोपऱ्यात त्यांचं जाळं पडलं होतं, इतक्या बारीक डोळ्यांचं की करंगळीसुद्धा आत जाऊ नये.

कायदा काही वेडा नव्हता, हेही तुम्हाला सांगायला हवं. असल्या जाळ्यात माशांची पिल्लंही येतात. पिल्लं गेली की पुढच्या वर्षी इथल्या मच्छीमारांनी खायचं काय? म्हणून नियम होता: पहिल्यांदा सापडला तर जाळं जप्त करायचं आणि माणसाला तीन आठवड्यांत परत पाठवायचं. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षं कैद, आणि होडी तोडायची.

दुभाष्यालाही नियम होता. बाईनं त्याची शपथ घेतली होती. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं इकडून तिकडे करायचं. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, आणि स्वतःचं तर काहीच बोलायचं नाही.

साहेबांनी कागद ओढला. "यांचा तांडेल कोण, विचारा."

बाईनं विचारलं. बाकावरचा सर्वांत म्हातारा माणूस, होडीचा म्होरक्या, उठून उभा राहिला. पण उत्तर द्यायचं सोडून तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यांच्या भाषेत म्हणाला, "बोलणं तर आमच्या खाडीकडचं दिसतंय. कुणाची गं तू?"

कुणाची गं तू! बारा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. इथं सगळ्यांना माहीत होतं, ती अमक्याची बायको, तमक्याची सून. आणि मग बाईच्या तोंडून, साहेबांना काही सांगायच्या आधीच, निघून गेलं, "जाळी विणणाऱ्याची. धाकटी."

"अरे देवा! ती परदेशी दिलेली?"

"आई आहे का हो माझी?"

"आहे की! वरच्या आळीत, तुमच्याच घरात. डोळ्यांनी कमी दिसतं, पण जिभेला धार तीच आहे. समुद्रावर निघालेल्या प्रत्येकाला दारात अडवते. म्हणते, पकडले गेलात तर माझ्या लेकीला बघून या." म्हातारा हसला. बाकावरचे बाकीचेही हसले. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपण घरातच बसलोय. "सहा वर्षांमागं मला इथंच धरलं होतं ना, तेव्हा भलताच कुणी दुभाषी होता. नाव खोटं सांगून सुटलो. तेव्हाच तू भेटली असतीस तर निरोप कधीच पोचला असता!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एवढं काय बोलतोय तो?"

बाई काचेखालच्या नकाशाकडे बघत राहिली. पंखा फिरत होता.

बघा हं, काय झालं होतं. म्हाताऱ्यानं आपल्याच तोंडानं सांगितलं होतं की तो दुसऱ्यांदा सापडलाय. तिनं ते जसंच्या तसं सांगितलं, तर त्याची दोन वर्षं गेली आणि होडीही गेली. न सांगावं, तर शपथ मोडली. शिवाय म्हातारा तीन आठवड्यांत घरी जाईल, तिच्या आईच्या दारात उभा राहील, हे तिला दिसत होतं. त्यामुळे आपण त्याच्यासाठी गप्प बसतोय की स्वतःसाठी, हेही तिला कळेना.

"बाई?"

बाई खुर्चीवरून उठली. "साहेब, माझ्याकडून चूक झाली. मी त्याच्याशी माझं बोलले. तो माझ्या आईला ओळखतो. ती आहे की नाही, ते मी विचारलं."

"मग तो काय म्हणाला?"

"आहे म्हणाला. आणखीही बोलला. पण ते मी विचारलं म्हणून, घरचं माणूस समजून बोलला. ते मी सांगणार नाही. खोटंही सांगणार नाही. या कामावर आता मी बसू नये."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "म्हणजे त्यात काहीतरी आहे."

बाईनं खुर्चीवरची आपली पिशवी उचलली.

"सोमवारी शहरातून दुसरा दुभाषी मागवावा लागेल. सगळं पहिल्यापासून विचारावं लागेल. आणि तुमचं नाव यादीतून जाईल. पुन्हा बोलावणं येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि आता त्यांच्याशी एक शब्दही नाही. आत नाही, बाहेरही नाही."

त्यांनी कागदावर तिरकी रेघ मारली.

म्हाताऱ्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो एकदा साहेबांकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "काय झालं, पोरी?" त्यानं विचारलं. बाई खाली बघून पिशवीचे बंद बांधत राहिली. तो पुन्हा म्हणाला, हळूच, "आईला काय सांगू? सांग तरी." तिनं बंद सोडले आणि पुन्हा बांधले. त्या भाषेतलं हे शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडत होतं, आणि उत्तर द्यायची सोय नव्हती.

हवालदार त्या सहा जणांना घेऊन व्हरांड्यात आला. गाडी अजून लागायची होती, म्हणून त्यानं त्यांना भिंतीकडे उभं केलं. बाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला थांबली होती, पाठ करून.

भिंगरीनं कचेरीच्या दाराशी बसून आतलं सगळं ऐकलं होतं. आईचं साहेबांशी झालेलं बोलणं तेवढं तिला समजलं होतं. बाकी काही नाही. पण हे आजोबा आजीला ओळखतात, आणि आईला आता बोलायला बंदी आहे, इतकं तिला पक्कं कळलं होतं. तिनं आईचा हात सोडला.

"ए, कुठं चाललीस?" हवालदार म्हणाला.

"मी काही बोलत नाहीये," भिंगरी म्हणाली.

ती म्हाताऱ्यासमोर चार हातांवर जाऊन उभी राहिली, ताठ, पाय जुळवून. आधी तोंड उघडून नवे आलेले दोन दात दाखवले. दोन्ही वेण्या पुढं घेतल्या, त्या कुठवर येतात ते त्याला दिसू दिलं. मग जागच्या जागी, अगदी सावकाश, एक पूर्ण फेरी घेतली. म्हातारा डोळे बारीक करून बघत होता. व्हरांड्यात तिथं जरा अंधार होता. हे लक्षात आल्यावर भिंगरी दोन पावलं मागं सरकली, उन्हात उभी राहिली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.