हळदीचा ठिपका

हळदीने माखलेले हात पुसायला, भाऊ, तुम्हाला मीच सापडलो. नवरीच्या आईने पुढे केलेला टॉवेल बाजूला सारलात आणि पाचही बोटं माझ्या अंगावर ओढलीत. कुणी टोकलं तर वर हसून म्हणालात, "मशीनला काय कळतं?"

मशीनला कळतं. मी कॅमेरा बोलतोय, आणि मी माफ करायला तोंड उघडलेलं नाही.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. माझ्या आतल्या काचेवर धुळीचा कणही बसू नये म्हणून तिथली माणसं तोंड बांधून काम करायची. तिथून मी हिंगोलीच्या एका फोटो स्टुडिओत आलो. मालकाला सगळं शहर 'भाऊ' म्हणायचं. मीही तेवढंच म्हणेन. त्याचं पूर्ण नाव माझ्या गोष्टीत यावं, एवढी त्याची लायकी नाही.

भाऊकडे मी लग्नाचे कितीतरी हंगाम काढले. एका हसण्याला एक फोटो पुरतो, पण भाऊचं बोट बटणावरून उठायचंच नाही. तडतडतडतड! लाह्या फुटाव्यात तसा माझा पडदा, म्हणजे शटर, आत उघडमीट करत राहायचा. रात्री बॅटरी गरम असतानाच मला पिशवीत कोंबलं जायचं, वर लाडूचा पुडा.

एकदा कनेरगाव नाक्याजवळच्या एका हळदीत भाऊने भर मांडवात लेन्स बदलली. मी तोंड उघडं टाकून त्याच्या हातात, आणि तेवढ्यात करवल्यांनी मूठभर हळद उधळली. एक कण आत शिरला. जिथे चित्र उमटतं, नेमका त्या काचेवर जाऊन चिकटला.

भाऊला तो कधीच दिसला नाही. लेन्सचं भोक तो नेहमी पूर्ण उघडं ठेवायचा. नवरी ठळक आणि मागचे पाहुणे धूसर, एवढी एकच कला त्याला येत होती. उजेडाच्या त्या लोंढ्यात माझा कण कुठल्या कुठे विरून जायचा. सगळ्या शहराचे चेहरे भाऊने टिपले, पण ज्याच्यातून टिपले त्याच्या आत डोकावून पाहिलं नाही.

मग नवा कॅमेरा आला आणि मी कपाटात गेलो. तिथे पडल्या पडल्या माझ्या घड्याळाचा छोटा सेल संपला. त्यानंतर बॅटरी काढून घातली की माझ्या लेखी पुन्हा माझ्या जन्माचं वर्ष उगवायचं. जग पुढे गेलं. मी जुनीच तारीख उराशी धरून, डूख धरलेल्या सापासारखा वेटोळं करून बसलो.

मला बाहेर काढलं ते संध्याने. ती पुसेगावची. वडील भीमराज एसटी डेपोत मेकॅनिक, ती भूगोलात एम.ए. करत होती. शिकवण्या घेऊन तिने पैसे जमवले होते आणि दुकानात शिरताच ती घाईत होती. ही मुलगी कायम घाईत असते. फक्त माळावर गेली की नसते.

"ताई, हा घ्या," भाऊने एक लांब नाकाचा कॅमेरा काढला. "झूम बघा याचा. चांदावरचे खड्डे दिसतात."

"मला चांद काहून पायजे, भाऊ? मला पुसेगावचा माळ पायजे. सगळाच्या सगळा."

"माळात काय हाय? दगडं! त्याला मोबाईल बस झाला."

"मोबाईलमधी सकाळचं आभाळ पांढरं फट्ट होते अन् खालची जमीन काळी. मोठा करून छापला की गवताचा चिखल."

"मग हा नवा घ्या. मेगापिक्सेल दुप्पट. हप्त्यानं देतो."

"दुप्पट मेगापिक्सेलचं काय लोणचं घालू? सगळं हातानं लावता येते का, रॉ म्हणजे कच्ची फाईल देते का, रुंद लेन्स बसते का, तेवढं सांगा. माळ काही पळून जात न्हाई, मला भरधाव कॅमेरा कशाला? जुना चालंल. उरलेल्या पैशात दणकट तिपाई घेईन."

भाऊने सुस्कारा सोडून मला काढलं. रुंद लेन्स, पिशवी, जुनं कार्ड, सगळं पुढ्यात ठेवलं. "घरगुती वापराचा हाय, ताई. लेकरासारखा सांभाळला."

संध्याने माझ्या रबराच्या फटीत नख घातलं. नखाला पिवळं लागलं.

"लेकराचं लगीन झालेलं दिसते," ती म्हणाली, आणि तिने मला घेतलं.

पुढच्याच रविवारी पहाटे भीमराजने तिला गाडीवर मागे बसवून माळावर आणलं. तिपाई रोवली, मला वर बसवलं, बॅटरी घातली. मी रीतीप्रमाणे तारीख विचारली.

"हे तारीख लावा म्हणून राहिलं," भीमराज म्हणाला.

"मरू द्या तारीख, बाबा. उजेड चालला."

खाली शेतात हळद शिजवायच्या भट्ट्या पेटल्या होत्या. थंडीमुळे वाफ वर जाईना. ती जमिनीलगत पसरत, बांध ओलांडत, ओढ्यात उतरत होती. वाफेच्या वर पळसाची काळी डोकी, त्यांच्यामागे एकामागे एक टेकड्या, आणि सर्वांत मागे सूर्याची कड. मी बटणाची वाट पाहत राहिलो. बटण दाबलंच जाईना. मला वाटलं, पोरगी विसरली. ती विसरली नव्हती. वाफ वळणाची वाट पाहत होती. वाफ वळली आणि तिने एकदाच दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी एकदाच दाबलं.

पायाजवळच्या गवतापासून शेवटच्या टेकडीपर्यंत सगळं ठळक यावं म्हणून तिने लेन्सचा आकडा सोळावर नेला होता. म्हणजे भोक बारीक, जोंधळ्याच्या दाण्याएवढं. आणि आभाळात, डाव्या कोपऱ्यात, माझा ठिपका उभा राहिला.

"बाबा, आभाळाला डाग पडला."

"मग पूस."

तिने लेन्स पुसली. ठिपका तिथेच. तिने भोक मोठं केलं, ठिपका गेला. पुन्हा सोळावर आणलं, ठिपका आला. "अस्सं," ती म्हणाली. "आतल्या काचेवर हाय. दोन मिनिटांत संगणकावर खोडता येते. पण मी न्हाई खोडणार. आभाळाला ठिगळ लावायचं न्हाई मला."

दुकानातला किस्सा ऐकलेला भीमराज हसला. "लगीन झालेल्या लेकराचं कुंकू समज."

त्याच महिन्यात हिंगोलीतल्या एका पतसंस्थेने गुढीपाडव्याला निघणाऱ्या दिनदर्शिकेसाठी जिल्ह्याचे फोटो मागवले. संध्याला पहिल्या पानावर तो माळ हवा होता. आपल्याकडे पाहण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येक घरात तो खिळ्याला टांगलेला हवा होता. मोठी प्रत छापून घ्यायला ती भाऊकडेच गेली, कारण तसलं यंत्र त्याच्याकडेच होतं. "मशीन बिघडलंय, ताई," भाऊ म्हणाला. "पेनड्राईव्ह राहू द्या."

पतसंस्थेत पहिल्या पानाचा नमुना लागला तेव्हा संध्या मला गळ्यात घालून धावली. तोच माळ, तीच वाफ. खाली छापलं होतं, 'छायाचित्र' आणि पुढे भाऊचं नाव.

फोटो निवडणाऱ्या समितीची बैठक चालू होती. अध्यक्षा मनकर्णाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा कपाळावर ढकलून बसल्या होत्या. पान त्याच दिवशी छापखान्यात जायचं होतं. एकदा छापलं की गावोगावच्या भिंतींवर तेच नाव लटकणार, आणि मग कोण कुणाच्या घरी जाऊन खोडणार?

"फोटो माझा हाय, मॅडम," संध्याने कार्ड पुढे केलं. "ह्या कॅमेऱ्यातून काढलेला. ही मूळ फाईल."

समितीच्या लॅपटॉपवर फाईल उघडली. बैठकीला येऊन बसलेला भाऊ शांतपणे वाकला. "तारीख वाचा की मॅडम. तवा हा कॅमेरा कुणाकडं होता? माझ्याकडं. कार्डासकट विकला, कार्डात माझे फोटो होते. पोरीनं ते आपले समजले."

दुकानातली 'ताई' इथे 'पोरगी' झाली होती. आणि माझ्या थांबलेल्या घड्याळाने भाऊच्या बाजूने साक्ष दिली होती.

"मग आभाळातला हा डाग बघा," संध्या म्हणाली. "ह्याच कॅमेऱ्याच्या आतला हाय."

"बघा, स्वतःच कबूल करून राहिली!" भाऊने टेबलावर थाप मारली. "डाग ह्या कॅमेऱ्याचा, कॅमेरा माझा. माझ्या मशीनचा डाग मी वळखत न्हाई व्हय?"

माझी तारीख त्याची, माझा डागही त्याचा. ज्याने मला मळवलं त्याच्याच कामी माझा मळ येत होता. मला हात असते तर त्या क्षणी मी काय केलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याने पट्टा मानेतून काढला आणि मला भाऊसमोर ठेवलं. "डाग वळखता ना? मग काढून दाखवा. ही खिडकी, हे आभाळ."

"त्यात काय?" भाऊने मला उचललं. त्याची बोटं लेन्सच्या कडीवर पोचली आणि जन्माच्या सवयीने भोक पूर्ण उघडून मोकळी झाली. तडतडतडतड! माझ्या पाठीवरच्या स्क्रीनवर आभाळ आलं, स्वच्छ निळं. भाऊने मला झटकलं, पुन्हा खिडकीबाहेर धरलं. तडतडतडतड! निळं. समितीतले दोघं उठून पाठीमागे आले. त्याने लेन्स पुसली, मला आडवं धरलं, उभं धरलं, तडतडत राहिला. जेवढे फोटो काढले, तेवढं आभाळ निर्मळ.

त्यात माझं कर्तृत्व काही नाही. तो उजेडाचा नियम आहे. तरी ते मी माझ्या नावावर लिहून घेणार. ठिपका माझ्या पोटात होता, आणि मी त्याला तो दिला नाही.

"भाऊ," मनकर्णाबाईंनी विचारलं, "तुमचा डाग कुठं गेला हो?"

संध्याने मला घेतलं. आकडा सोळावर. तोवर माझ्या आतल्या पडद्याला चीर गेली होती. भाऊच्या लाह्यांनी तो आता शेवटच्या धाग्यावर लोंबत होता. मी दम धरला. एकच हवा होता. तिने एकदाच दाबलं.

डाव्या कोपऱ्यात ठिपका आला, नमुन्यातल्या ठिपक्याच्या जागी, तेवढाच. "भोक मोठं असलं की हा दिसत न्हाई, मॅडम," संध्या म्हणाली. "बारीक केलं की दिसते. ज्यानं हा फोटो काढला, त्याला एवढं माहीत असणारच."

मनकर्णाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पेन उघडलं आणि भाऊच्या नावावर आडवी रेघ ओढली. एका डागावरून माणसाची इज्जत काढता म्हणून भाऊ कुरकुरत राहिला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पूर्ण नाव सांग गं."

"संध्या भीमराज खिल्लारे."

तिने आनंदाने पुन्हा बटण दाबलं. मी उघडलोच नाही.

आता मी स्टेशनजवळ रतनसिंगच्या दुरुस्तीच्या दुकानात आहे. "पडदा फाटला, बेटा," त्याने संध्याला सांगितलं. "नवा टाकला तर कॅमेऱ्याहून पडदा महाग." संध्या बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली होती. नंतर तिने परभणीच्या एका विद्यार्थ्याकडून दुसरी जुनी बॉडी, म्हणजे नुसता बिनलेन्सचा कॅमेरा, घेतली, माझ्याच घराण्यातली, एक पिढी पुढची, माझी लेन्स बसेल अशी. पैसे देण्याआधी तिने सोळाच्या आकड्यावर कोऱ्या आभाळाचा फोटो काढून पाहिला, आणि तारीख तिथेच उभ्या उभ्या लावली. माझा डोळा आता तिच्या तोंडावर आहे. वाईट वाटलं का? वाटलं. पण तो डोळा माळ बघतो आहे, मांडव नाही.

जाताना ती म्हणाली, "काका, ह्याचं जे कामाचं असंल ते कुणालाबी द्या. फुकट."

तिचं मन मोठं आहे. माझं नाही. ज्या पोरीकडे पैसे कमी आणि डोंगर खूप आहेत, तिला माझी बटणं द्या. माझा स्क्रू न् स्क्रू द्या. कुणालाही द्या, पण त्या एकाला देऊ नका. एवढीच माझी विनंती आहे, आणि ती करताना मला जराही लाज वाटत नाही.

काल दुपारी मी टेबलावर पोट उघडं टाकून पडलो होतो. समोरच्या भिंतीवर पतसंस्थेची दिनदर्शिका, पहिलं पान. दारात चप्पल वाजली आणि भाऊ आत आला. भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

"रतनसिंग, आपल्या दुसऱ्या जुन्या कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण तुटलं. कुठंच भेटून न्हाई राहिलं. ह्याचं बसंल का?"

रतनसिंगने मला उचललं. माझं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा भाऊकडे.

"बराबर बसते, भाऊ. पन संध्याला इचारावं लागंल. लावू का फोन?"