धोंडबाची सप्लिमेंटरी

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधलं किपचं यंत्र धोंडबाशिवाय कोणाचं ऐकत नसे. काचेचे तीन गोळे एकावर एक बसवलेलं ते यंत्र. त्यात काळे खडे टाकायचे, वरून ॲसिड ओतायचं, आणि तोटी सोडली की सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू बाहेर येई. दोन हेड बदलले, कितीतरी प्रोफेसर आले नि गेले, पण यंत्र रुसलं की हाक धोंडबालाच. बावीस वर्षांच्या शिपाईगिरीत त्याच्या अंगात तो वास इतका मुरला होता की घरी बायको रंभाबाई त्याचा शर्ट दोन बोटांत धरून बाहेरच्या दोरीवर टाकी, आणि धोंडबाला वाटे, बाई उगाच नखरे करते.

धोंडबाची दुसरी ख्याती म्हणजे त्याचं तोंड. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मुलांना ओळखायला द्यायची सॉल्टं तोच बाटल्यांत भरी. कोणत्या नंबरात काय आहे ते फक्त सरांना आणि त्याला ठाऊक. परीक्षेच्या आधी आठ दिवस मुलं त्याला काका म्हणू लागत, त्याच्या सायकलची हवा तपासत, तब्येतीची चौकशी करत. धोंडबा सगळ्यांशी गोड हसे आणि काही म्हणजे काही बोलत नसे. बावीस वर्षांत त्याच्या तोंडून एकदाच शब्द निसटला, तोही न विचारता, आणि वर चुकीचा.

तो निसटला त्याच्या मुलीपाशी, तारापाशी.

छप्पन साली धोंडबा दीक्षा घ्यायला गेला तेव्हा वर्षाची तारा त्याच्या खांद्यावर होती. गर्दीतून परतताना त्याने रंभाबाईला सांगून टाकलं होतं, पोरगी जिथवर वर्ग असतील तिथवर शिकेल. तारानेही बापाचा शब्द खाली पडू दिला नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ती त्याच्याच कॉलेजात आली, तेव्हा धोंडबाने लॅबची टेबलं दोनदा पुसली.

त्या वर्षी धोंडबाच्या घरी मोठी मजा होती. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत संध्याकाळी चुलीपाशी बसून तारा त्याला त्याच्याच लॅबची ओळख करून देई.

"बाबा, तुम्ही ज्याले तिखट पाणी म्हणता ना, त्याचं नाव अमोनिया."

"नाव काहीही असो, डोळ्यात पाणी तेवढंच येते," धोंडबा म्हणे.

ती हसे आणि पुढे सांगू लागे. कोणतं सॉल्ट ज्योतीत धरलं की लाल दिसतं, कोणतं पोपटी. कशात काय टाकलं की तळाशी पिवळा साका बसतो. धोंडबाने हे सगळं हजारदा पाहिलं होतं, नव्हे, हजारदा घासून धुतलं होतं. पण ते असं का होतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो "मग?" म्हणे आणि ती सांगत राही.

उन्हाळ्यात प्रॅक्टिकलची परीक्षा आली. ताराला सगळं येत होतं. धीर नव्हता तो धोंडबाला. तिची बाटली सतरा नंबरची, आणि त्यात बेरियमचं सॉल्ट त्याने सकाळी स्वतःच्या हातांनी भरलेलं. स्पिरिटचा दिवा ठेवायच्या निमित्ताने तो तिच्या टेबलापाशी गेला. तिचा चेहरा त्याला घामेजलेला वाटला. मे महिन्यात नागपुरात कोणाचा चेहरा कोरडा असतो? पण बापाला एवढं कुठून सुचणार. तो वाकला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाला, "बेरियम."

बाहेरून आलेले परीक्षक संशयी स्वभावाचे होते. परीक्षेआधी धोंडबा किप भरायला व्हरांड्यात गेला होता, तेवढ्यात त्यांनी पाच-सहा बाटल्यांचे नंबर आपसांत बदलून टाकले होते. संध्याकाळी यादी जुळवताना सरांनी ते सहज सांगितलं, आणि हातातला ब्रश तसाच धरून धोंडबा उभा राहिला. सतरा नंबरात बेरियम नव्हतंच. त्या संध्याकाळी ताराला सायकलवर मागे बसवून तो घरी गेला आणि वाटेत एक अक्षर बोलला नाही. सांगायला हवं होतं, तेव्हा मात्र त्याचं तोंड बरोबर बंद राहिलं.

सांगितलं ते जुलैत निकालाने. थिअरीत तारा चांगल्या मार्कांनी पास, प्रॅक्टिकलमध्ये चार मार्कांनी नापास. मग धोंडबाने सगळं कबूल केलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने खाली पाहत फक्त एवढं म्हटलं,

"बाबा, मले ज्योत लाल दिसली होती. लालभडक. तीनदा पाहिली मी. पण तुम्ही बेरियम म्हटलं, म्हणून मी पोपटी लिहिलं."

त्यानंतर चुलीपाशी केमिस्ट्री बंद झाली. तारा रोज बोले, जेवायला वाढी, त्याची सायकल पुसून ठेवी. पण पुस्तक घेऊन ती मागच्या खोलीत बसे. धोंडबाने दोन-तीनदा विषय काढून पाहिला. ती "हो" म्हणे आणि उठे. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वर्षाला तिला तात्पुरता प्रवेश मिळाला. डिसेंबरच्या सप्लिमेंटरीत प्रॅक्टिकल सुटलं पाहिजे, ही अट. निकाल नव्या वर्षाच्या आत लागणार होता. नाही सुटलं तर पटावरून नाव कमी, नाव कमी झालं की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद झाली की पुढचं कोणी बोलून दाखवत नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तारा स्वतःहून त्याच्यापाशी येऊन बसली. धोंडबा केवढा आनंदला.

"बाबा, उद्या तुम्ही माह्याकडे पाहू नका."

"मी काही बोलणार नाही, पोरी."

"बोलू नका, असं नाही म्हणत मी. पाहू नका, असं म्हणून राहिली. तुमच्या तोंडावरून मले सारं समजते."

ते खरंच होतं. रंभाबाई तर म्हणे की या माणसाने बाजारातून काय आणलं ते पिशवी न उघडता ह्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं. धोंडबाने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन तडक पिंपळापुरे सरांसमोर उभा राहिला. पिंपळापुरे सर म्हणजे केमिस्ट्रीचे हेड.

"सर, आज मले सुट्टी द्या."

"आज? आणि किप कोण चालवेल, मी?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी त्यांच्या समोरच होती. "बरं. बाटल्या गणपतराव भरतील. तुम्ही व्हरांड्यात किपपाशी बसा. आत यायचं नाही."

गणपतराव फिजिक्सच्या लॅबमधले. त्यांचा जन्म लोलक आणि भिंगं पुसण्यात गेलेला. ॲसिडच्या बाटलीकडे ते साप पाहावा तसे पाहत. त्यांनी नाकाला रुमाल बांधून बाटल्या भरल्या, आणि धोंडबा व्हरांड्यात पाठमोरा बसून राहिला. आयुष्यात प्रथमच त्याला ठाऊक नव्हतं की कोणत्या बाटलीत काय आहे.

परीक्षा सुरू झाली. थंडी चांगलीच पडली होती, तरी व्हरांड्याची दारं वासामुळे सताड उघडी. मुलं एकेक करून टेस्टट्यूब घेऊन येत, धोंडबा त्यांच्या ट्यूबमध्ये वायू सोडी, आणि ती नाक धरून पळत. मग एक हात पुढे आला, तो त्याने न पाहताही ओळखला. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं, त्यानेच मॅट्रिकला घेऊन दिलेलं. नळीचं टोक ट्यूबच्या काठावर टिकटिक वाजत होतं.

धोंडबाने नजर स्वतःच्या चपलांवर ठेवली. ट्यूबमधलं पाणी काळं झालं, पिवळं झालं, की तसंच राहिलं, त्याने पाहिलं नाही. त्याला तो हात धरावासा वाटला. किप धरून तो बसून राहिला.

"झालं," तारा म्हणाली आणि आत गेली.

तिचं टेबल नेमकं दाराच्या रेषेत होतं. तास-दीड तास त्याने चपलांचे अंगठे पाहून काढला. मग मान अवघडली म्हणून त्याने ती क्षणभर वर केली, आणि त्याच क्षणी तारा प्लॅटिनमची तार बर्नरच्या ज्योतीत धरून उभी होती. ज्योत पोपटी झाली.

यावेळी खरोखरच बेरियम आलं होतं. आणि जगातल्या सगळ्या सॉल्टांत हे एकच असं होतं, ज्यावर ताराचा विश्वास बसणं कठीण. उन्हाळ्यात जे नसताना तिने लिहिलं, ते आता डोळ्यांसमोर होतं, आणि तिला वाटणार, ही पुन्हा तीच चूक. तारानेही तार खाली घेतली, पुन्हा बुडवली, पुन्हा ज्योतीत धरली. पुन्हा पोपटी. मग तिने मान वर करून दाराकडे पाहिलं. थेट त्याच्याकडे.

नुसती पापणी हलवली असती तरी तिला कळलं असतं. धोंडबाला ते पक्कं ठाऊक होतं. यावेळी तो चुकलाही नसता. आत खरोखरच बेरियम होतं, त्याच्या बावीस वर्षांच्या नोकरीची शपथ घेऊन त्याने सांगितलं असतं. एक क्षण त्याचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले, आणि मग तो स्टुलावर गर्रकन वळून भिंतीकडे तोंड करून बसला. भिंतीचा चुना एका जागी निघाला होता. तेवढंच पाहत तो चार वाजेपर्यंत बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते किपमुळे येतं असं गणपतरावांना वाटलं, हे बरं झालं.

घंटा झाली. मुलं गेली, परीक्षक पेपर घेऊन सरांच्या खोलीत गेले. आता धुण्याचं काम धोंडबाचं. परीक्षा संपली की मुलं टेबलं तशीच टाकून पळतात, आणि कोणी काय केलं ते धोंडबाला त्या घाणीवरून वाचता येई. कोणाच्या ट्यूबमध्ये काय साचलंय ते पाहून तो परीक्षकांच्या आधी सांगू शकला असता की कोण पास, कोण नापास. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण ही भाषा येत होती. ताराचं टेबल त्याने शेवटी ठेवलं. इतरांच्या ट्यूबा धुताना त्याचे हात भलतेच हळू चालत होते.

अखेर तो तिथे पोचला आणि थबकला. टेबल लख्ख पुसलेलं होतं. स्टँडमध्ये टेस्टट्यूबा उलट्या, स्वच्छ धुऊन ठेवलेल्या. त्याने मोजल्या, अकरा. बावीस वर्षांत कोणा विद्यार्थ्याने स्वतःच्या ट्यूबा धुतल्या नव्हत्या. बापाला काही वाचता येऊ नये म्हणून पोरीने अक्षरन् अक्षर पुसून टाकलं होतं. बरोबरच आहे, धोंडबा मनाशी म्हणाला. आपण तेवढा अधिकार ठेवलाच कुठे?

त्याने स्टँड उचलायला हात घातला आणि मागच्या ओळीतली बारावी ट्यूब त्याला दिसली. ती उलटी नव्हती, सरळ होती. धुतलेली नव्हती. तळाशी बोटभर साका शांत बसला होता, पिवळाधमक.

"क्रोमेट टाकून पिवळा साका बसला की समजायचं बेरियम, बाबा," चुलीपाशी तिनेच त्याला शिकवलं होतं.

धोंडबा ती ट्यूब हातात घेऊन खिडकीपाशी गेला आणि उजेडात धरून उभा राहिला. गणपतरावांनी विचारलं, "काय पाहून राहिले गा?" तर म्हणाला, "काही नाही, धुवायची राहिली एक." मग त्याने ती धुतली. इतक्या हळूहळू त्याने आजवर काही धुतलं नव्हतं.

विद्यापीठाचा निकाल पुढे एकोणतीस डिसेंबरला लागला आणि तारा त्यात पास होती. रंभाबाईने गल्लीभर साखर वाटली. धोंडबाला निकाल त्या संध्याकाळीच लागून गेला होता.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी तारा सायकल स्टँडपाशी निंबाखाली उभी होती, स्वेटरच्या बाह्या हातांवर ओढून. धोंडबाने सायकल काढली आणि ती कॅरियरवर बसली. सायकलने सदर बाजाराचा भाग मागे टाकला.

"सगळ्या ट्यूबा धुतल्या?" तिने मागून विचारलं.

"अकरा तर धुतलेल्याच होत्या वं."

"अन् बारावी?"

"पाहिली. मग धुतली."

"तुम्ही पाठ फिरवली तेव्हा मले लय राग आला बाबा," तारा म्हणाली. "मग वाटलं, आता कोणीच सांगत नाही, तर आपणच पाहा. म्हणून क्रोमेट टाकून पाहिलं." तिने त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली, लहानपणी धरायची तशी, वासाबिसाची पर्वा न करता. "ते कसं असते सांगू? आधी आपण त्यात ॲसेटिक ॲसिड टाकतो."

चढ नव्हता, वारा नव्हता, तरी धोंडबाने पायडल हळू केलं. त्यापुढचं सगळं तो बावीस वर्षं डोळ्यांनी पाहत आला होता.

"मग?" त्याने विचारलं.