तिसऱ्या गोलाचा चेंडू

मी एक फुटबॉल बोलतोय. हल्लीचे ते चकचकीत, पावसातही कोरडे राहणारे असतात, त्यांतला नव्हे. मी अस्सल गाईच्या कातड्याचा. अठरा पट्ट्या शिवून केलेला, पोटात रबरी फुगा आणि तोंडावर आवळून बांधलेली चामड्याची वादी. ही वादी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मला एका बाईने गुडघ्यांत धरून, दोन सुयांनी शिवलं. शेवटचा टाका ओढून ती म्हणाली, "जा बाबा, लाथा खा आता." आईचा आशीर्वाद म्हणायचा तर मला तेवढाच मिळाला.

लाथा खायला मी गेलो इंग्लंडच्या उत्तरेला, ब्रॅकनशॉ नावाच्या गिरण्यांच्या गावी. तिथल्या क्लबचं नाव अल्बियन. शनिवारी दुपारी अर्धं गाव मैदानावर आणि उरलेलं अर्धं मैदानावर गेलेल्यांना शिव्या देत घरी. माझ्या नशिबी आला तो १९६२ च्या मार्चातला सामना, चषकाची पाचवी फेरी. सकाळपासून पावसाची रिपरिप चालली होती. मी पाणी पिऊन पिऊन भिजलेल्या गोधडीसारखा जड झालो होतो.

अल्बियनचा लाडका होता क्लिफ ऑर्मरॉड. खाटकाचा मुलगा, उंच, दांडगा आणि तोंडाळ. गोल करायचं काम त्याचं. डाव्या बाजूने धावून त्याला चेंडू आणून द्यायचं काम नॉर्मन एंटविसलचं. नॉर्मन काटकुळा, अबोल, क्लबात येऊन पहिलंच वर्ष. त्याने वाढलेल्या ताटावर क्लिफ महिन्यामागून महिने जेवत होता, आणि नॉर्मनच्या स्वतःच्या नावावर एकही गोल नव्हता.

त्या दिवशी क्लिफने दोन गोल केले. दहा मिनिटं उरली असताना उजवीकडून कॉर्नर आला. मी हवेत आणि खाली ते दोघंही उडी मारून वर. वादीची बाजू एका कपाळावर सणकून बसली आणि मी जाळ्यात गेलो. कपाळ नॉर्मनचं होतं. क्लिफचा केससुद्धा मला लागला नव्हता. पण मागून तोही उठला होता, आणि लोकांना दिसला तो तोच. "क्लिफ! क्लिफ!" असा एकच गिल्ला झाला. पंचानेही त्याचंच नाव लिहून टाकलं.

आता तिथली रीत अशी, की ज्याने तीन गोल केले त्याला सामन्याचा चेंडू घरी न्यायला मिळतो. सगळे सोबती त्यावर सह्या करतात. म्हणून मी कपडे बदलायच्या खोलीत या हातातून त्या हातात फिरू लागलो. नॉर्मन कोपऱ्यात ओला स्पंज कपाळाला लावून बसला होता.

"कुणाच्या डोक्यावर आपटलास रे?" प्रशिक्षकाने विचारलं.

"असेल कुणाच्या तरी," नॉर्मन म्हणाला.

स्पंज बाजूला झाला तेव्हा क्लिफने पाहिलं. भुवईच्या वर माझ्या वादीचा ठसा उमटला होता. एकाखाली एक लाल रेघा, मधून रक्त. भिजलेल्या चेंडूचा हा वळ कुठल्याही फुटबॉलवाल्याला शंभर पावलांवरून ओळखता येतो. क्लिफने तो ओळखला. तोंड उघडलं, आणि मिटलं. नॉर्मनने माझ्यावर सही केली आणि मला त्याच्या हातात दिलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

हंगाम संपल्यावर क्लबने कुणाला ठेवायचं याची यादी लावली. नॉर्मनचं नाव तीत नव्हतं. एकही गोल न करणारा आघाडीचा खेळाडू काय कामाचा, असं कारभाऱ्यांचं म्हणणं पडलं. नॉर्मन पोस्टमन झाला आणि तीस वर्षं लोकांच्या दारात पत्रं टाकत फिरला. क्लिफचं मात्र गावाने सोनं केलं. क्लबात त्याच्या नावाचा दिवाणखाना निघाला, भिंतीवर चित्र लागलं. भाजी घ्यायला गेला तरी लोक "काय हॅटट्रिक, बरंय ना?" म्हणून हाक मारायचे. तो हसायचा, पण घरी आल्यावर माझ्याकडे बघायचं टाळायचा.

मी त्याच्या कपाटावर असायचो. दर गुरुवारी चार वाजता नॉर्मन चहाला आणि डॉमिनो खेळायला यायचा. तो यायच्या आधी क्लिफ मला फिरवून ठेवायचा, वादी भिंतीकडे. सत्तावन्न वर्षं हा नेम एकाही गुरुवारी चुकला नाही. मला त्याचा राग यायचा. खरं काय ते एक मला ठाऊक, आणि मलाच तोंड भिंतीकडे करून बसवायचं! तोंडही कसलं, तेही बांधलेलं.

मग एका गुरुवारी नॉर्मनला त्याची बायको मेव्हिस हाताला धरून घेऊन आली. त्याला खिडकीशी बसवून ती स्वयंपाकघराच्या दारात क्लिफशी बोलू लागली.

"काल मला आई म्हणून हाक मारली रे त्याने. डॉक्टर म्हणतात, डोक्याने ते जड चेंडू मारून मारून झालंय."

हे ऐकून मला कपाटावर बसवेना. त्या दिवशी माझ्यावर किती वेळा कपाळं आपटली, मी त्याची मोजदाद कधी ठेवली नव्हती.

"आणि क्लबात ती नवीन भिंत केलीय ना," मेव्हिस म्हणाली, "अल्बियनसाठी गोल केलेल्या प्रत्येकाच्या नावाची वीट. परवा तिच्यासमोर तासभर उभा होता. बोट फिरवत नाव शोधत होता. मी म्हटलं, चल, जेवायची वेळ झाली. तर म्हणतो, थांब, इथेच कुठेतरी असेल."

क्लिफने हातातली किटली खाली ठेवली.

"शनिवारी जुन्या खेळाडूंचा दिवस आहे," तो म्हणाला. "त्याला आणशील?"

"काय करू आणून? तुमची सगळ्यांची नावं पुकारणार, आणि हा शेवटी नुसता उभा."

"आण गं. माझ्यासाठी आण. आणि लवकर आण. अजून त्याला कळतंय तोवर मला त्याच्याशी एक बोलायचंय."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला खाली उतरवलं, अंगाला चरबी चोळली आणि समोर ठेवून म्हणाला, "नॉर्मन, ऐक." पुढचं काही त्याला सुचेना. दुपारपर्यंत त्याने मला सात वेळा नॉर्मन म्हटलं. घोडं दर वेळी तिथेच पेंड खायचं.

शनिवारी मध्यंतरात जुने खेळाडू काठ्या टेकत मैदानात आले. नॉर्मन, दमू नये म्हणून, चाकाच्या खुर्चीत, मागे मेव्हिस. पुकारणाऱ्याने आवाज चढवला, "आणि आता, आपला हॅटट्रिक ऑर्मरॉड!" टाळ्यांचा पाऊस पडला. क्लिफने मला काखेत धरलं होतं.

त्याने माईक हातात घेतला. "टाळ्या थांबवा," तो म्हणाला. "मी त्या दिवशी दोन गोल केले. तिसरा याचा. नॉर्मन एंटविसलचा. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प राहिलो. त्यापायी याला क्लबातून काढलं. मी भित्रा, बाकी काही नाही."

मेव्हिसने तोंडावर हात धरला. क्लिफ गुडघे कुरकुरवत खाली बसला आणि त्याने मला नॉर्मनच्या मांडीवर ठेवलं.

नॉर्मनने माझ्याकडे पाहिलं. मग त्याची बोटं वादीवर आली. तिथून ती उठून त्याच्या भुवईवरच्या जुन्या वणावर गेली.

"क्लिफ," तो हळूच म्हणाला. माईक खाली गवतात पडला होता, त्यामुळे हे फक्त क्लिफने, मेव्हिसने आणि मी ऐकलं. "तू 'माझा!' म्हणून ओरडला होतास."

क्लिफने मान वर केली.

"सोबत्याने 'माझा' म्हटलं की आपण सोडायचा. पोरंटोरंही पाळतात हे. मला ऐकू आलं होतं. पण मला एक गोल हवाच होता रे, क्लिफ. मी नाही सोडला. तुझा घेतला. मग कुठल्या तोंडाने सांगू, माझा म्हणून?"

मी सर्द झालो. इतकी वर्षं मी मिजाशीत होतो, की सत्य माझ्याजवळ आहे. मला कपाळ कळलं होतं, पण त्या गोंगाटात हाक ऐकू आली नव्हती. एकाने गोल चोरला म्हणून मिठाची गुळणी धरली, दुसऱ्याने चेंडू चोरला म्हणून. आणि दोघं दर गुरुवारी समोरासमोर बसून डॉमिनो मांडत होते. क्लिफ नॉर्मनच्या गुडघ्यावर डोकं ठेवून सर्वांदेखत रडला.

भिंतीत आता नॉर्मनची वीट आहे. तो ती बघायला गेला होता, असं मेव्हिस सांगते. त्याला आठवत नाही.

मी हल्ली त्याच्या खिडकीत असतो. माझा फुगा कुजलाय, अंग एका बाजूला बसलंय. कुणी मला काचेच्या पेटीत ठेवायचं म्हणतं. नका ठेवू. मला बोटं लागू देत. गुरुवारी आता क्लिफ इकडे येतो. नॉर्मन त्याचं नाव विसरलाय, डॉमिनोही विसरलाय. पण मला मांडीवर घेतो, वादी चाचपतो आणि दर वेळी तेच विचारतो, "हा चेंडू कुणाचा रे?"

"तुझा," क्लिफ सांगतो.

मग नॉर्मन हसतो. "मग ओरडत कशाला होतास, लेका?"