ऑरिनची पाटी

मी कब्रस्तान बोलतोय. दचकू नका, माझ्यात कोणी पुरलेलं नाही. साडेचार फूट लांब आणि फूटभर रुंद असा जाड पुठ्ठा, त्यावर पोस्टरचे रंग, एवढाच माझा पसारा. काळंनिळं आभाळ, एक वाकडं झाड, मोडकं कुंपण आणि सतरा थडगी. दरवर्षी हॅलोविनच्या कार्टूनची सुरुवात अशा एका नव्या कब्रस्तानापासून व्हायची, त्या वर्षी माझ्यापासून. कॅमेरा आमच्या अंगावरून डावीकडून उजवीकडे सरकायचा, बावीस सेकंद, आणि मग खरी गंमत सुरू. आमची हयात ती बावीस सेकंदांची. त्यातही निम्मी माणसं दारात येणाऱ्या पोरांसाठी गोळ्यांची वाटी शोधत असायची.

माझा जन्म बरबँकच्या एका कार्टून स्टुडिओतला, ब्याण्णव सालच्या मे महिन्यातला. हॅलोविन, म्हणजे भुतांची सोंगं काढायचा सण, असतो ऑक्टोबर सरताना, पण चित्र हलतं करायला महिने लागतात, म्हणून आमच्या स्टुडिओत भुतं भर वैशाखात निघायची. बाहेर डांबर पातळ झालेलं आणि आत वेर्ना ऑस्ट्रँडर कपाळाला ओला रुमाल बांधून माझ्यावर धुकं चढवतेय. सव्वीस वर्षं ती कार्टूनच्या मागची चित्रं रंगवत होती. पुढे नाचणाऱ्या पात्रांना टाळ्या, मागच्या आभाळाकडे कुत्रंसुद्धा बघत नाही, असं ती म्हणायची. खोटं नव्हतं ते.

आता या खास भागाचं सांगतो. वर्षभर मालिका सरळ चालायची, पण हॅलोविनच्या भागात आमची मंडळी सगळ्या जगाची नक्कल करायची. गाजलेले भुताचे सिनेमे, साबणाच्या जाहिराती, गाणारे, पुढारी, कोणाला सोडायची नाहीत. स्वतःचं म्हणाल तर काही नाही, सगळी उसनवारी. पण लोक त्यावर जीव टाकायचे. नक्कल ओळखता आली की माणसाला इतका आनंद होतो, जणू ती त्यानंच केली!

माझ्या थडग्यांवरही तोच उद्योग. तिसऱ्याच भागात गाशा गुंडाळलेली मालिका, एका उन्हाळ्यापुरता चाललेला नाच, कोणी तोंडाला न लावलेलं सरबत, एक भयानक केशरचना. त्या सालात जे जे आपटलं, त्याची एकेक पाटी. आणि दरवर्षी एक थडगं स्टुडिओतल्या एका माणसासाठी राखलेलं. जिवंत माणसासाठी, बरं का. त्याचं नाव आणि खाली त्याची थट्टा. बाहेरच्याला हे अभद्र वाटेल. पण तिथं तो मान होता. पाटी लागली की माणूस आठवडाभर छाती काढून फिरायचा.

पाटी कोणाची, ते मे महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी दहाला ठरायचं. हजर असतील त्यांच्यातूनच. आणि इथंच ऑरिन हास्केलचं गाडं अडायचं.

ऑरिन कथाचित्रं काढायचा, म्हणजे भाग कसा दिसणार ते आधी पेन्सिलीनं मांडायचा. निम्म्या नकला त्याच्याच डोक्यातून निघालेल्या. पण माणूस आयुष्यात एकदाही वेळेवर आला नाही. कामालाही नाही आणि कामाचे कागद घेऊनही नाही.

"अरे मेल्या, कागद कधी देणार? माझा रंग वाळून खडा झाला!" वेर्ना ओरडायची.

"थांब गं, कोपऱ्यात अजून एक नक्कल घालतो. बघणारा हसून लोळेल."

"कोपऱ्यात कोण बघतंय, शहाण्या?"

"एक जण बघतो. त्याच्यासाठीच घालायची."

अशी अकरा वर्षं गेली. अकरा शुक्रवार तो साडेअकराला उगवला आणि अकराही वेळा पाटी दुसऱ्याला लागून गेलेली. तो हसायचा, पण त्याला लागायचं. बाराव्या वर्षी वेर्नानं मीटिंगमध्ये ठाणच मांडलं. "या वर्षी ऑरिन. तो इथं नाही, हेच त्याचं कारण समजा." दिग्दर्शक रूडी कास्टेलानो एवढा हसला की लगेच हो म्हणाला.

तर माझं नववं थडगं ऑरिनचं झालं. वेर्नानं बारीक ब्रश घेऊन, श्वास रोखून लिहिलं:

'इथं ऑरिन हास्केल विसावला. आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर.'

ऑरिननं ते नाक टेकवून वाचलं. मग असा खो खो हसला की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. तिथल्या तिथं त्यानं बायकोला फोन लावला. "नॅडीन, अगं लागली पाटी! नाही, काय लिहिलंय ते सांगणार नाही. हॅलोविनला टीव्हीवरच बघ. ताईलाही बोलावून घे."

मला सुख म्हणून जे ठाऊक आहे, ते त्या दुपारचं.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी तो आला नाही. नऊ वाजले, दहा वाजले, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. ऑरिनचं काय नवीन! उलट अकराला कोणीतरी त्याच्या खुर्चीवर भोपळा ठेवून दिला. दुपारी एक वाजता नॅडीनचा फोन आला. सकाळी दाढी करता करता हृदय बंद पडलं होतं. बावन्न वर्षांचा होता. तो भोपळा कोणी उचलला ते मला माहीत नाही, पण बराच वेळ तो तिथंच होता.

चार दिवसांनी रूडी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वेर्ना शेजारी होती.

"हे झाकून टाक," तो म्हणाला.

"नॅडीनला विचार तरी."

"काय विचारू? 'बाई, तुमच्या नवऱ्याच्या थडग्यावर विनोद लिहिलाय, चालेल का?' तू विचारतेस? घे, लाव फोन."

वेर्नानं फोनकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"मग?" रूडी म्हणाला. "तिनं ते बघितलं तर जागच्या जागी कोसळेल बिचारी. चित्रीकरण परत करू, पण हे नको."

वाईट माणूस नव्हता हो तो. त्या खोलीत वाईट कोणीच नव्हतं. दिवसभर लोकांच्या दुःखाची टर उडवणारी ती माणसं, पण खरं दुःख दारात आलं तेव्हा एकाचीही जीभ उचलली नाही. वेर्नानं राखाडी रंग कालवला, ऑरिनला झाकलं आणि वर एका बंद पडलेल्या प्रश्नमंजूषेचं नाव लिहिलं. अक्षर तिरकं आलं. मी पुन्हा कॅमेऱ्याखाली गेलो. बावीस सेकंद.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नॅडीन स्टुडिओत आली. हातात व्हिडिओची टेप. बसलीसुद्धा नाही.

"वेर्ना, मी सगळ्यांना बोलावलं होतं गं. त्याची बहीण ओहायोहून आली होती. शेजारची दोन्ही घरं होती. मी सगळ्यांना गप्प बसवलं, म्हटलं, आता येईल बघा आमच्या ऑरिनची पाटी. आणि आलीच नाही." तिनं टेप टेबलावर ठेवली. "सात वेळा मागे घेऊन बघितलं. सतराच्या सतरा वाचली. तो कुठंच नाही. माझ्याशी खोटं बोलला का तो? मला बरं वाटावं म्हणून थाप मारली का?"

वेर्नाचा चेहरा मी जवळून पाहिला. आमच्या कार्टूनमधल्या एकाही भुताला तसा जमला नव्हता.

तिनं मला खणातून काढलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. "नाही गं बाई, खोटं नाही बोलला. हा इथं होता. मी झाकला."

"का?"

"तुला त्रास होईल म्हणून."

"मला विचारलं कोणी?"

वेर्नानं टेबलावरचे ब्रश बाजूला सारले.

"एक फोन, वेर्ना. बारा वर्षं माझ्या हातचं जेवलीस. एक फोन नाही करता आला?" नॅडीन रडत नव्हती, त्यामुळे ते ऐकवत नव्हतं. "दाखव मला. काय लिहिलं होतंस ते बघायचंय."

आता हे नीट ऐका. पोस्टरचा रंग कितीही वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. वरचा थर काढायला जावं तर खालचाही हलतो. वेर्ना हे नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवायची. ओला बोळा घेऊन कोणी चित्राजवळ आलं तर खेकसायची. पण मनाला अपराध डाचत असला की माणूस आपलीच विद्या विसरतो. तिनं नुसतं तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिनं कापूस भिजवला, घट्ट पिळला आणि माझ्या नवव्या थडग्यावर हलकेच फिरवला.

प्रश्नमंजूषा निघाली. खालून ओली, चकचकीत अक्षरं वर आली. नॅडीन वाकली. एकेक शब्द मोठ्यानं वाचला, शेवटच्या शब्दापर्यंत. आणि हसली! ऑगस्टपासून पहिल्यांदा हसली असणार, कारण हसू तुटक तुटक बाहेर आलं. "अगदी तोच," ती म्हणाली, "लग्नालाही तास उशिरा आला होता मेला."

त्या हसण्यानं वेर्नाही हसली. तिनं डोळे पुसायला मान वळवली आणि बोळा माझ्यावरच टेकलेला राहिला. क्षणभरच. पण पाण्याला तेवढं पुरतं. तिनं हात उचलला तेव्हा अक्षरं राखाडीत मिसळून खाली ओघळली होती. दोघी टिपकागद घेऊन धावल्या. टिपायला गेल्या तर उरलेलंही टिपकागदावर आलं.

"मी परत लिहिते," वेर्ना घाईघाईनं म्हणाली. "तोच ब्रश, तेच अक्षर. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," नॅडीन म्हणाली. "जे बघून तो हसला ते हे नसेल. राहू दे आता. हात नको लावू."

ती मला घरी घेऊन गेली. दारातून आत येताच उजव्या भिंतीवर टांगलं. तेव्हापासून मी इथं आहे. वेर्ना आधी महिन्याकाठी यायची, मग वर्षाकाठी, आणि आली की माझ्याकडे पाठ करून बसायची. भांडण झालं नाही, पण पूर्वीचं काही राहिलंही नाही. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तीस वर्षांत माझी बाकीची सोळा थडगी खरोखरीच मेली. ती मालिका, तो नाच, ती केशरचना, कोणालाच आठवत नाही. येणारी तरुण मुलं वाचतात आणि विचारतात, हे काय आहे? नॅडीनलाही सांगता येत नाही. ज्याची नक्कल केली तेच विसरलं गेलं, मग नकलेला कोण हसणार? जुन्या कार्टूनचा एक शौकीन मला बघायला आला होता. नवव्या थडग्याशी नाक नेऊन म्हणाला, "अरेरे, नेमकं इथंच खराब झालंय." नॅडीननं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

हॅलोविनच्या संध्याकाळी मात्र ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहते आणि दारात आलेल्यांना तो विनोद ऐकवते. पहिली काही वर्षं शब्दन् शब्द बरोबर. मग त्यात लग्नाचा उशीर शिरला. मग वेळेवरची गोष्ट कधी आधी यायची, कधी राहूनच जायची. ऐकणारे अदबीनं हसायचे. मी आतल्या आत तळमळायचो. तिला चूक दाखवायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि मी पडलो पुठ्ठा.

बाबांनो, मी हसवायला जन्मलो आणि माझ्याकडून हे झालं, म्हणून जाता जाता एक मागतो. ज्याच्या घरी माणूस गेलंय, त्याला काय सोसेल आणि काय नाही, ते परस्पर ठरवू नका. दार वाजवा. भीती वाटली तरी वाजवा. फार तर काय, रडेल.

यंदाच्या हॅलोविनला तिची पणती आली होती, डेलिया, सात वर्षांची, डोक्यावर चेटकिणीची टोपी.

"पणजी, या दगडावर काहीच का नाही?"

"आहे की. तुला दिसत नाही."

"काय आहे?"

नॅडीननं कमरेवर हात ठेवला, घसा खाकरला. "इथं ऑरिन विसावला," ती म्हणाली.

डेलिया हसायच्या तयारीनं वर बघत राहिली. "मग?"

नॅडीन माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"मग काही नाही, बाळा," ती म्हणाली. "एवढंच आहे."