मुंगळा आणि बंब

बंबाने स्टँडवर चढवलेल्या चाकाशी कान नेला आणि बोटाने एक आरा छेडला. मग त्याच्या शेजारचा. पुढच्या आऱ्यापाशी त्याचे तोंड कडू खाल्ल्यासारखे झाले.

“हा ढिला आहे.”

मुंगळ्याने पाना त्याच्या हातात दिला. बंबाने हलकेच पीळ दिला, चाक गरकन फिरवले आणि डोळे बारीक करून रिम लहरते का ते बघितले. ही सायकल कुणाची, असे त्याने सकाळपासून कितीतरी वेळा विचारले होते. आऱ्यांबद्दल मात्र त्याला कुणाला काही विचारावे लागत नव्हते.

त्याची मुलगी कामावर जाता जाता त्याला इथे सोडून गेली होती. दारातच तिने मुंगळ्याला बाजूला घेतले होते.

“काका, काल मला मावशी समजून तासभर गप्पा मारल्या त्यांनी. चूक दाखवली की चिडतात, तेव्हा दाखवू नका. आणि त्यांना सायकलवर बसवू नका हं.”

“मी आहे ना,” मुंगळा म्हणाला होता. यात आपण कशालाच हो म्हटलेले नाही, हे त्याला कळत होते. तिला घाईत कळले नाही.

दोघांची ही नावे कॉलेजातली. चढ लागला की मुंगळा त्या चढाला असा डसायचा की मान तुटली तरी सुटायचा नाही. बंबाचे नाव आवाजावरून पडले. चढावर तो असा धापा टाकायचा की खाली पायथ्याशी उभ्या असलेल्यांना तो कुठवर पोचला ते कळे. दोघांचे बारसे टेकडीवर एकाच दुपारी झाले आणि खरी नावे पुढे फक्त घरच्यांपुरती उरली.

मुंगळ्याची बायको चहा घेऊन आली आणि सुट्या भागांमधून पाय ठेवायला जागा शोधू लागली. महिनाभर हा पसारा वाढत होता. आधी पोलादी सांगाडा आला, मग पुढचे चाक धरणारा चिमटा, मग हाताच्या पंज्याएवढे रुंद टायर.

“अहो, हिला गिअर कुठे आहेत?”

“नाहीत. एकच दातेरी चाक पुढे, एकच मागे.”

“टेकडीवर जायचं म्हणता ना? गुडघ्यांना विचारलंत?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.”

बंब मोठ्याने हसला. त्या दोघांच्या तरुणपणी गिअर कुणी पाहिले होते? साध्या काळ्या सायकलींचे मडगार्ड आणि कॅरिअर काढून टाकायचे आणि टेकडी गाठायची. तशीच एक सायकल, पण टेकडीला पुरून उरेल अशी, मुंगळ्याला हवी होती. दुकानदार ती तयार जोडून द्यायला निघाला होता. मुंगळ्याने नको म्हटले. बंबाच्या हातांना काम हवे आहे, हे त्याने ना दुकानात सांगितले, ना घरात.

शेवटी राहिली साखळी. मुंगळ्याने मागचे चाक खाचेत हळूहळू मागे ओढले. बंबाने ते सरळ धरले आणि साखळी अंगठ्याने दाबून पाहिली.

“इतकी ताणू नकोस. बोटभर खेळ ठेव, नाहीतर रडेल.”

मुंगळ्याने खेळ ठेवला आणि नट आवळले.

ऊन कलल्यावर मुंगळ्याने पाण्याची बाटली खांद्याला अडकवली आणि दोघे सायकल हातात धरून टेकडीच्या पायथ्याशी आले. पहिल्यांदा मुंगळा बसला. बसला म्हणजे उभाच राहिला. एका गिअरवर चढात बसायची सोय नव्हती. हँडल छातीशी ओढत, एकेक पायडल खाली दाबत तो पहिल्या वळणापर्यंत गेला. तिथे खडीवर मागचे चाक जागच्या जागी फिरले आणि त्याला पाय टेकावा लागला. सायकलची काही चूक नव्हती. तो वळून, ब्रेक दाबत खाली आला.

“म्हातारा झालास लेका,” बंब म्हणाला.

मुंगळ्याला बरे वाटले. “शेवटच्या शर्यतीतही मी असाच घसरलो होतो. आठवतं?”

“कुठली शर्यत?”

दरवर्षी तीच शर्यत असायची आणि दरवर्षी मुंगळाच जिंकायचा. फक्त शेवटच्या वर्षी तो माथ्यावर पोचला तर बंब आधीच दगडावर बसलेला. कसा, ते बंबाने कधी सांगितले नाही. लग्नकार्यात, प्रवासात, अगदी दवाखान्याच्या बाकावर विचारले तरी तो छातीवर थाप मारून म्हणे, “फुप्फुसं, बाबा, फुप्फुसं.”

“आण इकडे,” बंबाने हँडलला हात घातला.

मुंगळा क्षणभर सायकल धरून राहिला. मग त्याने दोन्ही ब्रेक पुन्हा दाबून पाहिले आणि हात काढून घेतला.

बंब हळू पण सरळ निघाला. मुंगळा मागून चालू लागला. वळणाआड गेलेला बंब दिसत नव्हता, पण धापा ऐकू येत होत्या. किती वर्षांनी ऐकत होता तो हा आवाज. ऐकता ऐकता त्याची पावले सैलावली.

आणि आवाज थांबला.

मुंगळा जमेल तसा धावत सुटला. पाण्याच्या जुन्या टाकीपाशी पोचला तर पुढची वाट मोकळी. मातीत टायरची खूण होती, ती टाकीच्या मागे वळली होती. भिंत आणि झुडपे यांच्यामधून तो अंग चोरून आत शिरला. पलीकडे एक पायवाट थेट वर चालली होती, सगळी वळणे टाळून. त्या वाटेवर बंब सायकल ढकलत निवांत चालला होता.

पाठीमागे चाहूल लागताच त्याने वळून ओठांवर बोट ठेवले.

“हळू बोला. ही वाट कुणाला ठाऊक नाही.”

मुंगळा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच बंब त्याला अहो-जाहो करत होता.

“कुणाला सांगू नका हं. मुंगळ्याला तर मुळीच नको.”

“नाही सांगणार,” मुंगळा म्हणाला. “पण त्याला का नको?”

“वाईट वाटेल त्याला. चांगला आहे हो तो. पण दरवर्षी मी मरत मरत वर पोचावं, तर हा आधीच बसलेला, माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन.” बंबाने सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसले. “एकदा तरी मला त्याच्यासाठी बाटली धरून बसायचंय.”

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी माथ्यावर बंबाने बाटली पुढे केली होती खरी. मुंगळ्याने ती घेतली नव्हती. तहान नाही म्हणाला होता आणि एकटाच टेकडी उतरला होता.

आता मुंगळ्याने खांद्यावरची पाण्याची बाटली काढली, तिचा पट्टा सायकलच्या हँडलला नीट अडकवला आणि वाटेतून बाजूला झाला.

“निघा तुम्ही,” तो म्हणाला. “तो अजून बराच खाली आहे.”